पुठ्ठ्याचा मोर्चा

पोलिसांच्या नेमबाजीच्या रेंजवर पुठ्ठ्याच्या माणसांचा मोर्चा उभा केला होता. फौजदार रेवती धुमाळने मुठीत मावणारं नवं पिस्तूल त्याच्यावर रोखलं, तोच गोळी सुटली. लाटणं उगारलेल्या बाईच्या कपाळाला भोक पडलं.

“मी चाप ओढलाच नव्हता!”

“ओढायचा नसतोच, मॅडम,” पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीचे बापट कौतुकाने म्हणाले. “धोका कोणापासून आहे, ते पिस्तूलच ठरवतं.”

“मग माझं काय काम?”

“उद्या चौकशी झाली, तर उत्तर द्यायला माणूस नको?”

रेवतीने पिस्तूल बापटांच्याच मुठीत कोंबलं, तरातरा चालत गेली आणि त्या पुठ्ठ्याच्या बाईपुढे हात उगारून उभी राहिली.

“रोखा आता,” ती ओरडली. “उत्तर द्यायला तुम्ही आहातच की!”

बापटांनी विंचू झटकावा तसं पिस्तूल फेकून दिलं.