तडा न जाणारी काच

अणुभट्टीतला किरणोत्सारी कचरा कुणाला बाधू नये म्हणून तो वितळलेल्या काचेत कायमचा बंद करतात. काच वितळवणारी, कॉइलनं तापणारी भट्टी कशी चालवली म्हणजे काचेला तडा जाणार नाही, हे मी कॉम्प्युटरवर आधी करून बघतो. गावी, बेंबळीला आलो की आई हसून म्हणायची, "रणधीरा, तसल्या काचेच्या बांगड्या आन की मला!"

परवा माझे वडील गेले. अंगणात भावकीतल्या बायका आईच्या बांगड्या फोडायला बसल्या. आईनं एकदाच माझ्याकडं बघितलं. मी चपला काढायच्या निमित्तानं खाली वाकलो.

बायका उठून गेल्यावर आई एकटीच तुकडे वेचत बसली.



"जपून ये बाबा, अनवानी हायस. पायात काच घुसंल."