उणे तीस

आमच्या लॅपलँडमध्ये दोन रिती पक्क्या आहेत. शेजाऱ्याच्या संसारात नाक खुपसायचं नाही, आणि उणे तीसच्या थंडीत शेजाऱ्याची गाडी बंद पडली तर हातातलं काम टाकून धावायचं. म्हणून इल्पोच्या घरातून आदळआपट आणि त्याच्या बायकोचं, रायलीचं, किंचाळणं ऐकू आलं की मी रेडिओ मोठा करायचो. आज सकाळी मात्र त्याने हाक मारली आणि मी कॉफी तशीच टाकून पळालो.

तो गाडीच्या दाराला लाथा घालत होता. बोटांची सालटी निघालेली, आरसा तुटून बर्फात पडलेला.

"त्या बयेने रात्रभर दिवे चालू ठेवले! बॅटरी पार मेली," तो ओरडला.

"मग गाडीला कशाला मारतोस, बाबा?" मी हसत माझ्या गाडीच्या बॅटरीपासून त्याच्या बॅटरीला केबल जोडली आणि माझी गाडी पाच मिनिटं चालू ठेवली. "हं, मार चावी."

गाडी घुरघुरत सुरू झाली. इल्पोने सरपणाच्या ढिगातली कुऱ्हाड उचलून शेजारच्या सीटवर टाकली. आमच्याकडे सगळ्यांच्याच गाडीत कुऱ्हाड असते, म्हणून मी काही विचारलं नाही. तो बर्फ उडवत गावाकडे सुसाट निघाला.

घरात आलो तेव्हा सव्वादहा झाले होते. फोनवर रायलीचा नऊ वाजताचा मेसेज होता.



"आर्वो, दिवे मी मुद्दाम चालू ठेवलेत. गावातून माझी बस साडेदहाला सुटते. तोवर त्याला केबल देऊ नकोस."