नापासाचे पेढे

मुलगा रेल्वेच्या मेडिकलमध्ये नापास झाला आणि बाबूभाईनं मूल गावच्या बाजारात पेढे वाटले.

"डोकं फिरलं का हो भाऊ?" समोरच्या भांडेवाल्या इसरूनं विचारलं. विचारताना पेढा मात्र तोंडात टाकला. दुसऱ्याची नोकरी हुकली म्हणून पेढा कोण सोडतो?

"तुले नाई समजाचं," बाबूभाई म्हणाला.

समजायचं ते बाजाराला कधीच समजलेलं होतं. बाबूभाई ठेंगणा, काळा. मुलगा सरफराज ताडमाड, गोरा, घाऱ्या डोळ्यांचा. नव्या लग्नाच्या दिवसांत बाबूभाई बांगड्यांची पेटी घेऊन अहेरीकडचे बाजार करायचा, आठवडाआठवडा घरी नसायचा. तेव्हा त्याच्या मागच्या खोलीत लाकडाच्या ठेकेदाराचा मुनीम भाड्यानं राहायचा. तोही घाऱ्या डोळ्यांचा. एवढी बेरीज बाजाराला येते. बाबूभाईलाही आली.

तोंडानं तो काही बोलला नाही. फक्त "रशिदा, तुह्या पोराले जेवाले बोलाव," असं घरात वर्षानुवर्षं चाललं. दुकानाची किल्ली पोराच्या हाती कधी पडली नाही.

आता बाबूभाईची गंमत अशी, की बांगड्या विकणाऱ्या या माणसाला हिरवा आणि लाल सारखेच मातकट दिसायचे. रशिदा रोज सकाळी दुकान लावून द्यायची, हिरवा माल उजवीकडे, लाल डावीकडे. जागा चुकली की बाया चिडवायच्या, "बाबूभाई, हिरव्या मांगतल्या न जी, लाल काऊन भरून राह्यले?"

मूलची छोटी लाईन मोठी होणार म्हणून गावातली पोरं रेल्वेत अर्ज टाकत होती. सरफराजनं ड्रायव्हरकीचा टाकला. लेखीत निघाला. मेडिकलसाठी नागपूरला जायचं झालं, तेव्हा रशिदा अडूनच बसली. "तुमीच जा त्याच्यासंगं."

नागपुरात डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. "आकडा वाच."

"कुठी आहे आकडा?" सरफराज म्हणाला.

मागे उभा असलेला बाबूभाई वाकला. आकडा त्यालाही दिसेना. डॉक्टरनं पान उलटलं. तिथेही नुसते ठिपके. पुढच्या पानावरही तेच.

नापासाचा शिक्का बसला आणि सरफराज रडायला लागला. बाबूभाईचेही डोळे भरले. पण त्याचं रडणं निराळं होतं.

"चाल बेटा," तो म्हणाला. सरफराज त्याच्याकडे बघतच राहिला.

घरी येऊन बाबूभाई रशिदापुढे बसला. "मले माफ कर." ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं."

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या पोराच्या उशाशी त्यानं दुकानाची किल्ली ठेवली आणि पेढे आणायला निघाला.

शेवटचा पेढा गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टर लांजेवारांचा होता.

"पोरगा माह्यावरच गेला, साहेब! अस्सल माह्यं रक्त!"

"छे हो, बाबूभाई," डॉक्टर हसले. "हे रंग न ओळखणं बापाकडून पोराला येतच नाही. आईकडून येतं. बाप कोणी का असेना."

"पण रशिदाले तर सारे रंग दिसतात!"

"बाईला दिसतात. तिच्या रक्तात ते नुसतं लपून असतं. तुमच्या सख्ख्या मावशीची मुलगी ना ती? मग तुम्हा दोघांनाही एकाच आजीकडून आलं असेल."

बाबूभाईनं पेढ्यांच्या रिकाम्या पुड्याची घडी घातली. मग हलकेच म्हणाला, "साहेब, रशिदाले हे नका सांगू. बिचारीचं मन मोडन."

"त्यांना माहीत आहे की! पोरगा पाचवीत होता तेव्हा त्याच घेऊन आल्या होत्या. मी तेव्हाच बजावलं, याला रेल्वेच्या नादी लावू नका म्हणून. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, 'हे बापाकडून येत नाई, असं गावात कोणाकोणाले माहीत असन?'"