दुसऱ्या पॅनेलवरचा दिवा

"इथे पोछा कोणी मारला?" मॅनेजर दर्शनभाईंनी विचारलं.

कंट्रोल रूमची फरशी अजून ओली होती. काचेपलीकडे कागदाचं लांबलचक मशीन थंड पडलं होतं. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ते बंद पडलं, तेव्हा ओला कागद रोलरवर तसाच चिकटून बसला. आता दहा-बारा माणसं तो खरवडून काढत होती.

"मी मारला, साहेब," दारातून भिकी म्हणाली. ती बदली कामगार होती. रोज आशागडहून पहिली एसटी पकडून गेटवर उभी राहायची. कोणी आलं नाही की मुकादम वासुदेव तिला आत घ्यायचा. गेले दोन महिने तिला एकही खाडा पडला नव्हता.

दर्शनभाई तिच्याकडे न बघता सोनलकडे वळले. "सोनलबेन, आपले कंट्रोलर दोन. एक बंद पडला तर दुसऱ्याने चालवायचं. आज पहिला बंद पडला, मग दुसरा चालला का नाही?"

सोनल कारखान्याची इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. तिला उत्तर माहीत होतं. दोन पॅनेलांच्या मधून एक बारीक केबल जाते. पहिला कंट्रोलर जे बघतो, जे ठरवतो, ते सगळं त्या केबलमधून दुसऱ्याला सतत कळत राहतं. त्यामुळे पहिला बंद पडला तरी मशीनला पत्ता लागत नाही. दुसरा तिथूनच पुढे चालवतो. मात्र दोघांतला प्रोग्राम तंतोतंत सारखा हवा. नसेल तर दुसरा आपणहून बाजूला होतो आणि त्याचा हिरवा दिवा पिवळा होतो.

तीन आठवड्यांपूर्वी एका शुक्रवारी, जाड कागदाचं काम आलं म्हणून, तिने पहिल्याचा प्रोग्राम बदलला होता. दुसऱ्यात तो उतरवायला पाच मिनिटं लागली असती. खाली डहाणू स्टेशनची बस हॉर्न देत होती. सोमवारी करू, असं तिने ठरवलं होतं.

एवढंच सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात दर्शनभाई पॅनेलपाशी वाकले.

"केबल ओली आहे," ते म्हणाले. "पोछ्याचा दांडा लागला असणार. ढिली झाली."

"केबलीला नाय लागला, साहेब," भिकी म्हणाली. "दिवा आधीचाच पिवळा होता."

"तुला काय कळतं दिव्यातलं?" तिच्यामागून वासुदेव म्हणाला.

"कच्चं केळं नि पिकलं केळं कळतं मला." मग ती सोनलकडे वळली. "मी बोललेली ना मॅडम तुम्हाला? दोनदा बोललेली."

बोलली होती. दसऱ्याला पॅनेलांची पूजा करताना तिनेच विचारलं होतं, "ही दुसरी पेटी काय करते, मॅडम?" सोनलने सांगितलं होतं, "पहिलीवर लक्ष ठेवून उभी असते. पहिली पडली की काम उचलते." "म्हणजे माझ्यासारखी बदली," म्हणून भिकी हसली होती आणि दुसऱ्या पॅनेलला तिने कुंकवाचा जरा मोठा टिळा लावला होता. तो अजून तिथे होता. तेव्हापासून पोछा मारताना ती आधी त्या दिव्याकडे बघायची, आणि तो पिवळा दिसल्यावर तिने सोनलला एकटीला गाठून दोनदा सांगितलं होतं.

दर्शनभाईंनी खिळ्यावरची चेकशीट काढली. दर सोमवारी दुसरा कंट्रोलर तपासून सोनलने त्यावर सही करायची, अशी पद्धत होती. ऑक्टोबर २०१७. गेल्या तीन सोमवारांपुढे तीन बरोबरच्या खुणा आणि तीन सह्या.

"सोनलबेन, ही बोलते ते खरं?"

सोनलने शीटकडे पाहिलं. अक्षर तिचंच होतं, नेहमीसारखं बारीक आणि सरळ.

"शीटवर ओके आहे, सर," ती म्हणाली.

त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

भिकीने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. दिव्याकडे पाहायची तसं, नीट.

"नसेल बोलली मी," ती म्हणाली. तिने गळ्यातला गेटपास काढला. दोरी केसांत अडकली, ती हळूच सोडवली आणि पास स्वतःच टेबलावर ठेवला. मग पोछा पिळून बादलीवर आडवा घातला आणि ती गेली.

सगळे गेल्यावर सोनलने दुसऱ्या कंट्रोलरमध्ये प्रोग्राम उतरवला. चार मिनिटं वीस सेकंद. दिवा हिरवा झाला. संगणकात नोंद होतीच: सहा ऑक्टोबर, संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांपासून दुसरा कंट्रोलर तयार नाही. ते पान उघडायला कारखान्यात तिच्याखेरीज कोणालाच येत नव्हतं. तिने ते बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं. वासुदेवने गेटवरची पुढची बाई आत घेतली होती. जिवली तिचं नाव. ती पोछा मारत पॅनेलपाशी आली, थांबली, मान वर करून दिवा पाहिला, आणि केबलपासून हातभर अंतर सोडून पुढे सरकली.

"काय बघितलंस गं?" सोनलने विचारलं.

"दिवा. भिकी बोलली, रोज बघायचा."

"आणि पिवळा दिसला तर?"

जिवलीने पोछा बादलीत बुडवला, पिळला.

"तर मुकादमाला सांगायचं. चार माणसांत. मॅडमला एकटीला नाय सांगायचं, बोलली."