रिकाम्या जागा

आखातातल्या त्यांच्या घरी जेवताना टीव्हीवर अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीतल्या गोळीबाराची बातमी लागली आणि सुजाताच्या नवऱ्याच्या, मुरलीधरच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"वांगी घ्यावीत तशा बंदुका घेतात लेकाचे! पोरं मेली की मेणबत्त्या लावायच्या आणि बंदीचं नाव काढलं की यांना हक्क आठवतात. जिवाची किंमतच नाही कुणाला!"

"डॅड, दॅट्स द सेम युनिव्हर्सिटी," त्यांची लेक मिहिका पुटपुटली. "आय ॲम ऑन देअर वेटिंग लिस्ट."

मुरलीधरचा घास हातातच राहिला. आता हा काही पोरीला तिकडे पाठवत नाही, म्हणून सुजाताने सुटकेचा निःश्वास टाकला.

मुरलीधरने टीव्ही बंद केला.

"मग यल्ला, चल, मेल बघ! घाबरट लोक ॲडमिशन सोडतील आता. तुझा नंबर लागतोय, इन्शाल्ला!"