अडकलेला पिस्टन

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी टेबलावरचं पुठ्ठ्याचं इंजिन जवळ ओढलं. पिस्टन, त्याला जोडलेली दांडी, दांडीच्या टोकाला चाक. सगळं जुन्या लग्नपत्रिका कापून टाचण्यांनी जोडलेलं.

"कुणी केलं?"

"मी, सर," निनाद म्हणाला. शेजारी उभ्या समिधाने त्याच्याकडे एकदा पाहिलं. प्रॅक्टिकलला जोडी दोघांची होती, पण मॉडेल तिने एकटीने केलं होतं. तिच्या बोटांना अजून फेविकॉल होता.

"छान. पिस्टन ढकलून चाक फिरव बघू."

निनादने ढकलला. पिस्टन हलेना. त्याने जोर लावला, तसा पुठ्ठाच वाकायला लागला. परीक्षक नुसते बघत होते.

"सर, जोडणी हिने केलीय," तो घाईने म्हणाला. "टाचणी फार घट्ट बसवलीय. मी सांगत होतो हिला."

परीक्षकांनी चष्मा काढला. "अरे, दांडी आणि चाकाचा मध्य एका रेषेत आले की पिस्टन कितीही ढकल, चाक फिरत नाही. डेड सेंटर म्हणतात त्याला. मॉडेल बरोबर आहे, म्हणून तर अडकलं." ते समिधाकडे वळले. "म्हणजे जोडणी तुझी?"

"आमची, सर," समिधा म्हणाली. तिने एका बोटाने चाक जरासं पुढे सरकवलं आणि निनादला हळूच म्हणाली, "आता ढकल."

त्याने ढकललं. चाक गरकन फिरलं. निनादला मात्र मान वर करवेना.