शुक्रवारी पट्टी उतरणार

"अजून घट्ट बांधा," नायक म्हणाला. "नाक सोडून काही दिसता कामा नये."

रंगभूषाकाराने खाटेवरच्या बाईच्या हनुवटीखालून पट्टीचा आणखी एक वेढा घेतला. डोळे, कपाळ, तोंड, हात, सगळं आधीच झाकलेलं होतं. मालिकेतल्या सुनेला मंगळवारी गाडीने उडवलं होतं आणि शुक्रवारच्या भागात तिची पट्टी उतरणार होती. अपघातानंतर चेहरा बदलतो, हे प्रेक्षकांना आता पाठ झालं आहे. डॉक्टरांना जन्मभर जमत नाही, ते मालिकावाल्यांना आठवड्यात जमतं.

नायकाला मात्र हसू येत नव्हतं. चार दिवस त्याला एकच धास्ती होती.

मालिकेत पाच वर्षं त्याची बायको झालेली नायिका या चार दिवसांत कोणाला दिसली नव्हती. तिला सुट्टी दिली आहे, एवढंच निर्मातीबाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं. तिला घरी बसवायचं आणि पट्टीखालून नवी मुलगी काढायची, ही कल्पना नायकाचीच. "एक तर ती राहील, नाहीतर मी," असं त्याने बाईंना ठणकावलं होतं.

"मग लोकांना सरळ सांगून टाकू," बाई म्हणाल्या होत्या. "छोटासा निरोपाचा कार्यक्रम करू. पाच वर्षं रोज संध्याकाळी ज्यांच्या घरात शिरलो, त्यांच्याशी एवढं तरी नीट वागावं."

"सांगितलं की लोक महिनाभर बोंब मारतात. न सांगता बदललं की दोन दिवस कुरकुरतात आणि तिसऱ्या दिवशी ताट घेऊन पुन्हा टीव्हीसमोर बसतात."

"आणि ज्याला काढायचं, त्याला?"

"त्याला तर मुळीच नको. कॅमेरा सुरू होईपर्यंत पत्ता लागू देऊ नका. आधी कळलं की माणूस रडतो, भांडतो, पत्रकारांना फोन करतो."

"माणुसकी म्हणून तरी?"

"माणुसकी मालिकेत दाखवू की!"

बाई म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही म्हणता तसंच करू."

तेव्हापासून नायिकेचा एक फोन नाही. गप्प बसणाऱ्यातली ती नव्हे. चहात साखर कमी पडली तरी अख्ख्या मजल्याला कळायचं. तिला कुणकुण लागली असेल का? नायिका उशिरा येते, सगळ्यांना ताटकळत ठेवते, हे बाईंच्या कानात त्यानेच भरलं होतं. धादांत खोटं. उशीर व्हायचा तो त्याचाच, आणि ती बिचारी सावरून घ्यायची. हे काम त्याला मिळालं तेसुद्धा तिने शब्द टाकला म्हणून. हे बाहेर फुटलं तर लोक त्याला रस्त्याने धड चालू देणार नाहीत, आणि चाळिशी उलटलेल्या नायकाला पुन्हा दारात कोण उभं करणार?

"दिवे हलवायचेत. दहा मिनिटं लागतील," दिग्दर्शक म्हणाला आणि मंडळी चहाला पांगली.

खाटेपाशी नायक एकटाच उरला. पांढरी चादर बारीक थरथरत होती.

"घाबरलीस?" त्याने हळूच विचारलं.

पट्ट्यांचं डोकं जरासं हललं. आवाज कोणी ओळखू नये म्हणून दिग्दर्शकाने तिला बोलायची बंदीच केली होती.

"तिचा तुला फोनबिन आला नाही ना?"

डोकं आडवं हललं. नायकाच्या जिवात जीव आला. चार दिवस कोंडलेलं माणूस, त्याची जीभ सैल सुटली.

"मग कशाला घाबरतेस? मी आहे ना. तिला मीच उडवली. उशिरा येते म्हणून सांगितलं बाईंना. खरं सांगू? ती एक दिवससुद्धा उशिरा आली नाही. पण प्रेक्षकांची पत्रं बघ, सगळी तिच्याच नावाची. माझ्या आईलासुद्धा तीच आवडते! तू नीट काम कर. फक्त माझ्या पुढे पुढे करू नकोस, म्हणजे झालं."

चादर थरथरायची थांबली. पोरगी सावरली म्हणून त्याला बरं वाटलं.

दिग्दर्शक परत आला तो हातात एक पान घेऊन. "बाईंनी शेवट बदललाय. तुम्ही खाटेच्या कडेला बसायचं आणि म्हणायचं, 'डोळे उघड, राणी.' तेवढंच."

"पुढचं पान?"

"ते तुम्हाला लागणार नाही. आणि हो, काहीही झालं तरी मध्ये थांबायचं नाही. एकाच दमात घेणार आहोत."

दिवे लागले. नायक खाटेच्या कडेला बसला. डॉक्टर झालेल्या नटाने पट्टीचं टोक सोडलं. वेढ्यामागून वेढा उलगडत गेला. कपाळ दिसलं, मग भुवया. त्या भुवया त्याने पाच वर्षं वीतभर अंतरावरून पाहिल्या होत्या.

"डोळे उघड, राणी," त्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

नायिकेने डोळे उघडले. ती रडली नाही, ओरडली नाही. त्याला एकदा आपादमस्तक न्याहाळून ती म्हणाली, "डॉक्टर, हे कोण गृहस्थ आहेत? माझ्या नवऱ्याला बोलवा."

नायकाने भेदरून दिग्दर्शकाकडे पाहिलं. दिग्दर्शकाने मान वर केली नाही. कॅमेरा चालूच होता.

खोलीचं दार उघडलं. नायकाच्याच मापाचा, नायकाच्याच रंगाचा सदरा घातलेला एक अनोळखी तरुण सरळ खाटेपाशी आला आणि नायकाच्या खांद्यावर हात ठेवून अगदी नम्रपणे म्हणाला, "उठा. ती माझी जागा आहे."